शनिवारी सव्वापाचला

मी नेमकं करते काय, हे आमच्या घरात आजवर कुणालाही नीट सांगता आलेलं नाही. मी मराठी मालिकांच्या सेटवर ईपी आहे, म्हणजे एग्झिक्युटिव्ह प्रोड्युसर. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मावशीने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "म्हणजे पैसे तू घालतेस?" नाही म्हटल्यावर तिचा रसच संपला. तिच्या हिशेबाने निर्माता म्हणजे पैसे घालणारा, दिग्दर्शक म्हणजे ओरडणारा, आणि उरलेलं सगळं युनिट. सेटवर तर मला नावसुद्धा नाही. "ओ प्रॉडक्शन!" अशी हाक आली की मी वळते. जनरेटर बंद पडला, साडीचा काठ कालच्या सीनशी जुळत नाही, डब्यातली उसळ खारट आहे. या सगळ्यावर प्रॉडक्शनकडे उत्तर असायला हवं.

पैसे न घालणारा निर्माता ही काही अगदीच नवलाची गोष्ट नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तिथेही निर्माता हे नोकरीतलं पद होतं, महिन्याच्या पगाराचं. सुहासिनी मुळगावकरांचं नाव मावशीला आजही आठवतं, पण त्यांनी स्वतःचे पैसे घातले नव्हते हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला. ही रीत मूळची बीबीसीची. तिथे प्रोड्युसर म्हणजे ती मालिका ज्याच्या माथ्यावर आहे तो माणूस. लेखक कोण, नट कोण, दिग्दर्शक कोण हे तो ठरवणार, शनिवारी कार्यक्रम पडद्यावर नेऊन पोचवणार, आणि फसला तर साहेबाच्या खोलीत तोच उभा राहणार.

१९६३ साली बीबीसीच्या नाट्य विभागात अशी एकच बाई होती. व्हेरिटी लॅम्बर्ट. वय सत्तावीस, त्या विभागातली सगळ्यात तरुण निर्माती. तिच्या माथ्यावर आलेली मालिका म्हणजे 'डॉक्टर हू', एका पेटीत बसून काळात आणि अवकाशात फिरणाऱ्या डॉक्टर नावाच्या प्रवाशाची. साठ वर्षं उलटून गेली तरी ती मालिका, मधल्या मोठ्या खंडासकट, अजून माणसांच्या तोंडी आहे.

मी विज्ञानकथांची भक्त नाही. यानं उडायला लागली की मला डुलकी येते. लॉकडाउनमध्ये शूटिंगं बंद पडली तेव्हा भाच्याने हट्टाने मला पहिला भाग दाखवला. काळा-पांढरा, धुरकट. लंडनमधलं भंगाराचं आवार, त्यात उभी पोलिसांची निळी फोनपेटी (निळी हे भाच्याने सांगितलं), आणि आत शिरलं की ती बाहेरच्यापेक्षा कितीतरी मोठी. भाचा कालप्रवासाचं समजावत होता आणि मी दाराकडे बघत होते. माझ्या मनात एकच विचार: हे दार नीट लागत नसणार. पुढे वाचलं तर खरंच. पहिल्यांदा हा भाग चित्रित झाला २७ सप्टेंबर १९६३ रोजी, आणि त्यात दारांनीच घोळ घातला होता. सेटवर पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला प्लायचं दार ओळखू येतं.

तर ही बाई कोण? लंडनमधल्या ज्यू अकाउंटंटची मुलगी, जन्म २७ नोव्हेंबर १९३५. चांगल्या नावाजलेल्या शाळेत घातलं होतं, ती सोळाव्या वर्षी सोडली. पॅरिसला सॉर्बोनमध्ये एक वर्ष, मग लंडनला परत येऊन टायपिंग-शॉर्टहँड. पहिली नोकरी हॉटेलात मेनू टाइप करण्याची, तीसुद्धा फ्रेंच येतं म्हणून मिळालेली. मग ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या प्रसिद्धी विभागात सेक्रेटरी. सहा महिन्यांत तिथून काढून टाकलं. मग एबीसी नावाच्या दुसऱ्या खासगी वाहिनीत पुन्हा टायपिस्ट. तिथला नाट्य विभागप्रमुख सिडनी न्यूमन, हा कॅनडाहून आलेला तडफदार गृहस्थ. टाइपरायटरवरून सरकत सरकत ती निर्मिती सहायक झाली.

याच एबीसीतली एक रात्र मला वारंवार आठवते. ३० नोव्हेंबर १९५८, रविवार. मँचेस्टरच्या स्टुडिओतून 'अंडरग्राउंड' नावाचं नाटक थेट प्रक्षेपित होत होतं. थेट म्हणजे थेट. जे होईल ते त्याच क्षणी घराघरांत. लंडनच्या भूमिगत रेल्वेच्या बोगद्यात अडकलेल्या माणसांची गोष्ट. मध्येच, दोन प्रवेशांच्या दरम्यान, गॅरेथ जोन्स हा नट हृदयविकाराच्या झटक्याने कोसळला आणि गेला. कॅमेऱ्यावर नव्हता, एवढंच. नाटक तर चालू आहे. दिग्दर्शक टेड कॉचेफ नियंत्रणकक्ष सोडून खाली फ्लोअरवर धावला. गेलेल्या माणसाची वाक्यं कुणी घ्यायची, कुणी कुठून यायचं हे नटांना सांगायला. आणि वर पडद्यांच्या रांगेसमोर, कुठला कॅमेरा कधी घ्यायचा हे सांगायला, बसली व्हेरिटी. तीन दिवसांपूर्वी तिला तेवीस पूर्ण झाली होती. नाटक शेवटपर्यंत गेलं.

मी पॅनलच्या मागे उभी राहून हजारो तास काढलेत. तिथे बसलेल्या माणसाचा आवाज कसा असतो ते मला माहीत आहे: सपाट, थोडा कंटाळलेला. "दोनवर ये. थांब. तीन. कट." खाली काहीही जळत असलं तरी हा आवाज चढता कामा नये, कारण चारही कॅमेरामन त्या आवाजाला धरून उभे असतात. त्या रात्री तिच्या कानावरच्या हेडफोनमध्ये काय काय ऐकू येत असेल याची कल्पना मी अनेकदा केली आहे, आणि दरवेळी ती अर्ध्यात सोडून दिली आहे.

एवढं करूनही तिचं पुढे काही सरकेना. १९६१ मध्ये ती वर्षभर न्यूयॉर्कला जाऊन निर्माता डेव्हिड सस्काइंडची सहायक झाली, परत आली तर जुन्याच खुर्चीत. एका वर्षात वर गेले नाही तर टेलिव्हिजन सोडायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात न्यूमन बीबीसीत नाट्य विभागाचा प्रमुख झाला. त्याला शनिवारी संध्याकाळची एक भेग बुजवायची होती: दुपारचे खेळ संपतात आणि तरुणांचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू होतो, त्या दोहोंमधली सव्वापाचची. मुलांनी बघावी आणि आईबापांनी उठून जाऊ नये अशी मालिका. कधी इतिहासात जायचं, कधी अवकाशात; म्हणून गोष्टीत एक इतिहासाची शिक्षिका आणि एक विज्ञानाचा शिक्षक. आधी ज्या दोघांना विचारलं त्यांनी नकार दिला. मग त्याला ही मुलगी आठवली.

हे मुद्दाम सांगते, कारण 'डॉक्टर हू' ही व्हेरिटीची कल्पना नव्हती. न्यूमन, त्याच्या हाताखालचा मालिकांचा प्रमुख डोनाल्ड विल्सन आणि आणखी एक-दोघांनी कागदावर आराखडा केला होता, तो तिच्या हातात आला. कल्पना सुचणाऱ्याला आपण डोक्यावर घेतो. सुचलेली कल्पना शनिवारपर्यंत उभी करणाऱ्याला म्हणतात प्रॉडक्शन.

पहिल्या भागाचा दिग्दर्शक वारिस हुसेन. लखनौचा जन्म, वय चोवीस. त्याची आई अतिया हुसेन, लखनौच्या जुन्या घराण्यांवर इंग्रजीत कादंबरी लिहिणारी. लहानपणीच हा मुलगा इंग्लंडला गेला, केंब्रिजला शिकला, बीबीसीत लागला. म्हणजे बघा, साहेब कॅनडाचा, निर्माती ज्यू मुलगी आणि दिग्दर्शक लखनवी. आणि १९६३ सालचं बीबीसी. या दोघांना मिळाला लाइम ग्रोव्हचा स्टुडिओ 'डी'. लहान, जुनाट, इतका गरम की दिव्यांच्या तापाने छतावरची आग विझवायची फवारणी आपोआप सुरू व्हायची. चार दिवस तालीम, शुक्रवारी संध्याकाळी चित्रण. टेप कापणं महागाचं काम, त्यामुळे जवळजवळ नाटकासारखं एका दमात घ्यायचं. नट अडखळला तर अडखळलेला तसाच जाणार.

डॉक्टरच्या भूमिकेसाठी त्यांना हवा होता विल्यम हार्टनेल. पंचावन्न वर्षांचा, करड्या फौजींच्या भूमिका करून करून विटलेला नट. मुलांच्या मालिकेत काम करायचं म्हणजे पायरी उतरणं, असं त्याला वाटत होतं. व्हेरिटी आणि वारिस त्याला जेवायला घेऊन गेले आणि पटवून आले. त्या टेबलावर काय बोलणं झालं असेल ते मला शब्दाशब्दाने माहीत आहे असं वाटतं. ज्येष्ठ नटाला पटवायचं जेवण ही आमच्याकडे स्वतंत्र विद्या आहे: मासे कुठले मागवायचे, मानधनाचा विषय सोलकढीच्या आधी काढायचा की नंतर, आणि "सर, तुमच्याशिवाय दुसरं नाव डोळ्यांसमोर येतच नाही" हे वाक्य कितव्या घासाला.

पहिला प्रयत्न न्यूमनला पसंत पडला नाही. दोघांना बोलावून त्याने यादीच वाचली आणि पुन्हा करा म्हणाला. १८ ऑक्टोबरला सगळं नव्याने. आमच्याकडे रीशूट म्हटलं की सेटवर सुतक पडतं. इथे पुन्हा केलेला भाग खरोखरच बरा झालाय. म्हातारा पहिल्यापेक्षा जरा माणसात आला आहे. दोन्ही भाग आज बघायला मिळतात आणि नवीन येणाऱ्या सहायकांना मी ते एकापाठोपाठ एक बघायला लावते.

प्रक्षेपण २३ नोव्हेंबर १९६३ रोजी. आदल्याच दिवशी डलासमध्ये केनेडींना गोळ्या घातल्या होत्या. दोन वेळा घडवलेला भाग, आणि जगात कुणाचं लक्ष? ४४ लाख लोकांनी बघितला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवला, तेव्हा ६० लाख.

आता डबडी.

दुसऱ्या गोष्टीसाठी टेरी नेशन नावाच्या लेखकाने एक संहिता दिली. त्यात धातूच्या कवचात राहणारे प्राणी होते, डालेक. न्यूमनने आधीच बजावलं होतं की डोळे वटारलेले राक्षस या मालिकेत नकोत. विल्सनने संहिता वाचली आणि हे करायचं नाही असं सांगितलं. यावर व्हेरिटीचं उत्तर म्हणजे आमच्या धंद्यातला वेदमंत्र आहे: दुसरी संहिता तयारच नाही. हीच करावी लागेल. झालं. कलेचा वाद नाही, तत्त्वज्ञान नाही. फळीवर दुसरं काही नव्हतं, म्हणून ब्रिटिश टेलिव्हिजनवरचे सगळ्यात गाजलेले राक्षस पडद्यावर आले.

तिला ती संहिता आवडली होती, हे खरंच. पण आवडली म्हणून हट्ट धरला असता तर हरली असती. रिकामी फळी दाखवली आणि जिंकली.

आराखडा करायला आधी नेमणूक होती रिडली स्कॉटची, हो, तोच पुढे सिनेमावाला. त्याला जमलं नाही म्हणून काम रेमंड क्यूसिककडे आलं. मिऱ्याची डबी टेबलावरून सरकवत नेली तर जशी चालेल, तसे हे चालतील, असं त्याने कारागिरांना दाखवलं. एका हाताच्या जागी चक्क मोरी तुंबली की वापरतात तो रबरी पंप. आत स्टुलावर बसलेला नट पायांनी ढकलत चालवणार. चार डालेक बनवले, आणि गर्दी दाखवायची तेव्हा मागे त्यांचे मोठे केलेले फोटो उभे केले. हे वाचून मी सेटिंगच्या दादांना फोन केला होता. आम्हीही एकदा लग्नाच्या मंडपात मागच्या तीन रांगा फ्लेक्सवर छापून उभ्या केल्या होत्या. ते हसले नाहीत. म्हणाले, "फोकस मऊ ठेवला असेल त्यांनी."

२१ डिसेंबरच्या भागाच्या शेवटी डालेक दिसतच नाही. दिसतो फक्त तो पंप, कॅमेऱ्याच्या बाजूने पुढे येणारा, आणि भिंतीला पाठ लावून किंचाळणारी बाई. काळं. पुढच्या शनिवारी भेटू. आम्ही याला हुक म्हणतो आणि त्यासाठी आठवड्याला सहा वेळा विजा कडाडवतो. मोरीच्या पंपावर असला हुक मला आजवर साधलेला नाही. ती गोष्ट संपेपर्यंत प्रेक्षक कोटीच्या वर गेले.

आवाजांचंही तसंच. पेटी निघताना जो घरघरीत, श्वास लागल्यासारखा आवाज येतो, तो ब्रायन हॉजसनने केला: जुन्या, उघड्या पियानोची जाड तार आणि तिच्यावर घासलेली घराची किल्ली. शीर्षकसंगीताची चाल रॉन ग्रेनरची, पण ती घडवली बीबीसीच्या ध्वनिकार्यशाळेत डेलिया डर्बीशायरने. एकच तार छेडायची, तो सूर टेपवर घ्यायचा, टेप जलद-मंद करून वेगवेगळे स्वर काढायचे आणि टेपचे तुकडे कापून, चिकटवून चाल उभी करायची. ग्रेनरला वाटलं, श्रेयात हिचा वाटा हवा. नियमात बसलं नाही. ती पगारी नोकर. क्यूसिकही पगारी नोकर. डालेकांच्या खेळण्यांनी पुढच्या नाताळांत दुकानं भरली, लेखक टेरी नेशन श्रीमंत झाला, कारण हक्कात त्याचा वाटा होता. क्यूसिकला बक्षीस म्हणून १०० पौंड मिळाले. इथे मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं होतं.

व्हेरिटीसारखी ठाम राहिले असते तर, असा एक सीन माझ्याही खात्यात आहे. बरीच वर्षं झाली. मालिकेत नातू घर सोडून गेल्यानंतरची सकाळ होती. आजी ओट्याशी उभी राहून गवार मोडते आहे, एक मिनिटभर, बोलत नाही. काम करणाऱ्या बाई रंगभूमीवरच्या. त्यांनी शिरा काढता काढता एक शेंग हातात तशीच धरून ठेवली, इतका वेळ की दिग्दर्शक कट म्हणायचं विसरला. चॅनलकडून निरोप आला, आजी बोलत नाही, लोक रिमोट उचलतील, काढा. मी "बरं" म्हटलं. एकदाही वाद घातला नाही. आज हिशेब करते तेव्हा वाटतं, माझी चूक एवढीच की बँकेत, म्हणजे आमच्या साठ्यात, चार एपिसोड तयार होते. फळी भरलेली होती. दुसरं काही नाहीच, असं मला म्हणता आलं नाही.

तो सीन तसाच पुढे गेला असता तर काय झालं असतं कोण जाणे. कदाचित खरंच लोकांनी रिमोट उचलला असता. ते जाऊ दे.

'डॉक्टर हू' तिने १९६५ साली सोडली. दोन वर्षंच. चाहत्यांना हे कळत नाही, मला चांगलं कळतं. मालिका चालायला लागली की माणूस तिच्यात जिरून जातो, आणि बाहेर पडायचं तर चालत असतानाच पडायला हवं. त्यानंतर विज्ञानकथेच्या वाटेला ती फार गेली नाही. १९०२ साली बर्फात गोठलेला सभ्य गृहस्थ १९६६ च्या लंडनमध्ये जागा होतो, अशी 'अ‍ॅडम अ‍ॅडमंट लिव्ह्ज!' ही मालिका. आणि १९७९ मध्ये 'क्वाटरमास', तेव्हा ती यूस्टन फिल्म्सची प्रमुख होती. बाकी सगळं जमिनीवरचं. थेम्स टेलिव्हिजनच्या नाट्य विभागाची ती १९७४ साली प्रमुख झाली. 'द नेकेड सिव्हिल सर्व्हंट' तिच्या काळातलं, 'रंपोल' तिच्या काळातलं. मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांवरची 'शोल्डर टू शोल्डर' आणि राजा एडवर्डच्या प्रेमप्रकरणावरची मालिका, या दोन्हींत पुन्हा वारिस हुसेन सोबत. लाइम ग्रोव्हच्या त्या भट्टीत जमलेली जोडी अशी टिकली याचं मला बरं वाटतं.

आणि ती पडलीसुद्धा, दणकून. १९९२ साली तिच्या कंपनीने बीबीसीसाठी 'एल्डोराडो' आणली: स्पेनमध्ये राहायला गेलेल्या इंग्रजांची रोजच्या घडामोडींची मालिका. दक्षिण स्पेनच्या डोंगरात खरंखुरं गाव बांधलं. खऱ्या भिंती, त्यामुळे संवाद घुमायचे. वर्षभरात बंद. तुटपुंज्या जागेत प्लायच्या दारांवर जे साधलं ते सिमेंटच्या गावात साधलं नाही. पण यावरून पैसा कमी तर काम चांगलं असा सिद्धान्त कुणी काढू नये. आमच्या अकाउंट्सवाल्यांच्या कानावर तर अजिबात जाऊ नये.

तिच्या पहिल्या दोन वर्षांतल्या कामातलं सगळं आज शिल्लकही नाही. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. प्रतीही टाकून दिल्या गेल्या. 'मार्को पोलो' ही बहुतेक वारिसनेच दिग्दर्शित केलेली सात भागांची गोष्ट, तिचा एकही भाग उरलेला नाही. उरलाय तो आवाज, कारण काही घरांतल्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो उतरवून ठेवला होता. पामीरच्या पठारावर पेटी बंद पडते, मग गोबीचं वाळवंट, मग कुबलाई खानाचा दरबार. मी ते गोरेगाव ते डोंबिवली असं लोकलमध्ये कानात घालून ऐकलं. दादरला गाडी बदलताना वाळूचं वादळ सुरू होतं.

२२ नोव्हेंबर २००७ रोजी व्हेरिटी कर्करोगाने गेली. दुसऱ्या दिवशी मालिकेला चव्वेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती.

त्याच वर्षी मे महिन्यात आलेला एक भाग भाच्याने मला दाखवला. डॉक्टर स्वतःची ओळख विसरून १९१३ सालच्या एका शाळेत साधा मास्तर होऊन राहिलाय. कुणीतरी आईवडिलांबद्दल विचारतं. तो सांगतो, वडील सिडनी, नॉटिंगहॅमचे घड्याळजी. आणि आई व्हेरिटी. आई काय करायची हे सांगताना मात्र तो किंचित अडखळतो, शब्द शोधतो, आणि म्हणतो, ती नर्स होती.

मावशीला हे लगेच कळलं असतं.